राइलीची थंड पाण्यातली पैज

शनिवार, १८ फेब्रुवारी २०२३, तांपेरे. सकाळी उणे चौदा, वारा नाही. तळघरात पाइपांचे काम चालूच, त्यामुळे इमारतीचा सौना अजून बंद. पाइवी काल ओउलूहून आली. दुपारी राइली, पाइवी आणि मी बंदरावरच्या नव्या सौनात. राइली बर्फाच्या पाण्यात उतरली. डाव्या गुडघ्याला खरचटले, मलम लावले. परतताना बाजारातल्या टपरीवर काळे सॉसेज, उभ्याउभ्याच.

रोजनिशीच्या पानावर एवढेच मावते आणि एरवी तेवढे मला पुरते. आजची हकीकत मात्र त्यात बसणारी नाही, म्हणून ती वेगळ्या कागदावर नीट लिहून काढते आहे.

राइली वुओरेला आणि मी एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून राहतो. मजला चौथा, लिफ्ट नाही. वेइक्को लग्न करून मला या शहरात घेऊन आला त्याच वर्षी ती शेजारच्या घरात आली. कडेवर तिची लेक पाइवी होती आणि पाठीला दोरीने बांधलेली घडीची खाट. ती खाट तिने एकटीनेच चार मजले वर आणली. वेइक्को मदतीला खाली धावला, तर त्याला म्हणाली, "बाजूला व्हा, नाहीतर भिंतीचा रंग जाईल." तिचा नवरा स्वीडनला कामाला गेला होता आणि तिकडचाच होऊन राहिला. त्याच्याबद्दल ती मला आजवर एकदाच बोलली आहे. "पोहता येत नव्हतं त्याला," एवढेच.

यंत्रांच्या कारखान्यात ती क्रेन चालवायची. छताखालून रुळांवर धावणारी अवजड क्रेन आणि तिला खालून लटकलेली काचेची खोली. सकाळी कॉफीचा थर्मास गळ्यात अडकवून राइली शिडीने वर चढायची, ती जेवणाच्या सुट्टीलाच खाली. खालच्या पुरुषांना ती टकलावरून ओळखायची. अजूनही बाजारात एखादा म्हातारा टोपी काढून "काय राइली!" म्हणतो, तेव्हा ती आधी त्याचे डोके बघते आणि मग नाव घेते.

कुणाला त्रास द्यायचा नाही, हा तिचा स्वभाव. पाइवीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ती हातात पिशवी घेऊन बर्फातून चालत इस्पितळात गेली. टॅक्सीवाल्याला कशाला उठवायचे, तोही दिवसभराचा दमलेला. हे ती अभिमानाने सांगत नाही. तिच्या मते त्यात सांगण्यासारखे काही नाहीच, आणि इथल्या बहुतेक बायकांनी तेच केले असते.

पण ऑक्टोबरात जे झाले त्याने पाइवीचे डोके फिरले. रविवारची सकाळ होती. दाराच्या फटीतून येणारे वर्तमानपत्र घ्यायला राइली निघाली, पायपुसण्यावरून घसरली आणि खुबा मोडला. भिंतीच्या अलीकडे मी होते. तिला माझ्या किटलीची शिट्टी ऐकू येत होती, मग रेडिओवरची प्रार्थना ऐकू आली. एक बुक्की मारली असती तर मी चहा टाकून धावले असते. तिने मारली नाही. मी चर्चला जायला बाहेर पडले तेव्हा तिचे वर्तमानपत्र अजून फटीतच अडकलेले, अर्धे आत, अर्धे बाहेर. राइली वर्तमानपत्राशिवाय कॉफीसुद्धा घेत नाही. मी वाकून फटीतून हाक मारली. आतून अगदी शांत आवाज आला, "शालन, तुला घाई नसेल तर जरा आत येतेस का?"

रुग्णवाहिकेतल्या मुलीने विचारले, "आजी, भिंत का नाही ठोकलीत?"

"रविवार होता," राइली म्हणाली. "रविवारी सकाळी कुणी भिंत ठोकतं का?"

त्या मुलीने मान डोलावली. तिला ते पटले होते.

पाइवीला पटले नाही. ती ओउलूला शाळेत गणित शिकवते आणि हट्टात आईच्या तोडीस तोड आहे. तिने तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात एक खोली बघून ठेवली. लिफ्ट, तयार जेवण, उशाशी घंटा. फेब्रुवारीअखेरपर्यंत ती खोली राखून ठेवलेली होती, आणि काल ती आईचे 'हो' घ्यायलाच आली होती.

संध्याकाळी राइलीच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याचे गोड पाव आणि कॉफी घेऊन आम्ही बसलो.

"आई, मला त्यांना सोमवारी कळवायचं आहे."

"कळव की. नाही म्हणून कळव."

"प्रत्येक मजल्यावर थांबतेस तू. मी मागून बघत होते."

"थांबत नाही गं, दारावरची नावं वाचते. कोण आहे, कोण गेलं, बघायला नको?"

"तिथे प्रत्येक खोलीत घंटा आहे."

"घंटा गाईच्या गळ्यात बांधतात."

पाइवीने कप बशीत आपटला. "शालनमावशी, तू तरी सांग हिला."

"मी सांगितलेलं ती कधी ऐकते?" मी म्हणाले, आणि आणखी एक पाव घेतला. दोन वुओरेला भांडत असताना तोंड भरलेले असलेले बरे.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाली आठवतंय ना? जपून राहा."

"चालत राहा म्हणाली. चालतेय. पाण्यात जायला हरकत नाही म्हणाली."

"कोमट पाण्यात, आई!"

"किती कोमट ते नाही म्हणाली."

मग राइलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती असे करते तेव्हा बाकीचे गप्प बसतात. दर हिवाळ्यात, पाइवी शाळेत जायला लागली तेव्हापासून, ती बर्फ कापून केलेल्या पाण्यात उतरत आली आहे. हा पहिला हिवाळा कोरडा चालला होता.

"हे बघ," ती म्हणाली. "बर्फ आहे तोवर मी पाण्यात उतरणार, आणि तू बघायला यायचंस. खाली जाईन, वर येईन, कुणाचा हात न घेता. जमलं तर ओउलूचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही जमलं तर मी सामान बांधते, तू म्हणशील त्या दिवशी येते, आणि तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

"खरंच?"

"मी कधी खोटं बोलले?"

पाइवीने हात पुढे केला. दोघींनी टेबलावरून हात मिळवले आणि माझ्याकडे पाहिले. इथे पैज लागली की तिसऱ्याने वरून तळहात मारून ते हात सोडवायचे असतात, त्याशिवाय ती पक्की होत नाही. मी जरा थांबले. मला माझी शेजारीण हवी होती. पण त्या दोघी वाट बघत होत्या. मी हात सोडवले.

जागा पाइवीने निवडली. राइलीच्या जुन्या पोहण्याच्या मंडळाची शिडी उभी आणि बर्फाळ, दुपारी तिथे चिटपाखरू नसते. तलावाच्या बंदरावरच्या नव्या ठिकाणी कठडे आहेत, माणसे आहेत.

"तिथे पोहायचे कपडे घालून सौनात बसतात म्हणे," राइली म्हणाली.

"बायका-पुरुष एकत्र असतात, म्हणून."

"मग पुरुषांना वेगळी खोली द्या! कपड्यांनिशी सौनात बसायचं म्हणजे मोजे घालून पाय धुवायचे."

तरी आज दुपारी तिने पाइवीचा जुना निळा पोहण्याचा पोशाख घातला, डोक्यावर लोकरीची टोपी चढवली आणि आम्ही गेलो.

आतले सगळे काळे. काळ्या भिंती, काळी फरशी, आणि बंदराच्या बाजूला नुसती काच. मनगटाला रबरी पट्टी बांधली की कपाट त्या पट्टीने उघडते. कुठूनतरी पाणी ठिबकल्यासारखे संगीत येत होते. राइलीने काठी टेकत टेकत छताकडे पाहिले. "गळतंय वाटतं कुठे. आमच्या तळघरातून माणसं पाठवू का?"

सौनाच्या दाराशी सुती झगा घातलेली एक गोड मुलगी उभी होती. नाव एन्नी. तिने आम्हां सगळ्यांना, म्हणजे आम्ही तिघी, टोपीवाले दोन तरुण आणि एक जोडपे, अर्धगोलात उभे केले. "आत जाण्याआधी प्रत्येकानं मनात एक संकल्प धरायचा," ती म्हणाली. "हवं तर मोठ्यानं सांगा."

तरुणांनी आपल्या पायांकडे पाहिले.

"खाली उतरायचं आणि वर यायचं," राइली म्हणाली.

"किती साधं आणि सुंदर!"

"साधं म्हणे," राइली माझ्या कानात पुटपुटली.

आत ती थेट वरच्या फळीकडे गेली. पायऱ्या उंच होत्या. पाइवीचा हात आपसूक पुढे आला, आणि तिने तो पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातात धरून ठेवला. राइली भिंतीला तळवा लावत, एकेक पाय आणत वर पोचली आणि पंचा अंथरून बसली. एन्नीने तापलेल्या दगडांवर बर्फाचा एक गोळा ठेवला आणि टॉवेल हवेत फिरवायला लागली. उग्र वास सुटला.

"पोरी, हे काय?"

"निलगिरी."

"सर्दी झालीय का कुणाला?"

टोपीवाल्यांपैकी एकाला हसू आवरले नाही. एन्नीही हसली, टॉवेलचे चार फेरे करून बाहेर गेली. मग राइलीने लाकडी पळी उचलली.

"टाकू का?"

सगळ्यांनी हुंकार दिला. न विचारता पाणी टाकणे असभ्य, आणि विचारल्यावर नाही म्हणणे त्याहून असभ्य. तिने टाकले. वाफ छताला लागून आमच्या खांद्यांवर उतरली. "टाकू का?" पुन्हा हुंकार, जरा बारीक. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा जोडपे "छान होती वाफ" म्हणत उठले आणि अदबीने, जवळजवळ पळतच बाहेर गेले. तरुणांनी माना गुडघ्यांत घातल्या. राइलीच्या अंगावर घामाचे थेंब आले होते आणि ती डोळे मिटून बसली होती. ऑक्टोबरनंतर तिचा चेहरा असा सैल झालेला मी प्रथमच पाहिला.

"चला," ती म्हणाली.

काचेच्या दाराबाहेर लाकडी धक्का आहे. दाराजवळच चकचकीत पोलादी हौद, थंड पाण्याचा, रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंनी कठडे. धक्क्याच्या टोकाला मात्र तलावाच्या बर्फात कापलेला चौकोन, काळे पाणी, आणि त्यात उतरणारी एक साधी शिडी.

पाइवी हौदाजवळ थांबली. "ये आई."

राइली पुढे चालत राहिली.

"आई! हौद इकडे आहे."

"टबात चादरी भिजवतात." तिने वळून माझ्याकडे पाहिले. "शालन, हात तू सोडवलेस. कोणतं पाणी ठरलं होतं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. माझे पाय गोठत होते. "बर्फ आहे तोवर पाण्यात उतरायचं, एवढं ठरलं," मी म्हणाले. "कोणत्या ते कुणी बोललं नाही."

"झालं तर मग," राइली म्हणाली, आणि काठी माझ्या हातात दिली.

शिडीकडे पाठ करून ती उतरली नाही. तोंड शिडीकडे, दोन्ही हातांत दांडे, आधी एक पाय मग दुसरा, आयुष्यभर शिडीने ये-जा केलेल्या माणसासारखी. कमरेपर्यंत. खांद्यांपर्यंत. तिने एक लांब श्वास सोडला, दांडे सोडले आणि पोहली. चौकोनाला एक वळसा घातला, हनुवटी वर, टोपी कोरडी. पाइवी खाली मान घालून हसली. मला वाटले, जिंकली. ओउलू संपले.

मग ती शिडीशी आली आणि डावा पाय वर घेतला.

शिडीची खालची पायरी पाण्याच्या आत होती आणि बुळबुळीत असावी. पाय सटकला, गुडघा आपटला. तिने पुन्हा घेतला. या वेळी पाय टिकला, पण अंग वर ओढायला हात पुरेनात, आणि शस्त्रक्रियेचा उजवा पाय मागे दगडासारखा लोंबकळत राहिला. ती परत पाण्यात बसली. चेहऱ्यावर काहीच नाही.

धक्क्यावर पंचे गुंडाळून पाचसहा माणसे उभी होती, अंगातून वाफा निघत होत्या. एकही तिच्याकडे बघत नव्हता. बर्फाच्या पाण्यातल्या माणसाकडे इथे कुणी टक लावून बघत नाही. ती त्याची शांततेची वेळ. टोपीवाले दोघे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या धुराड्याचा अभ्यास करत होते. जोडप्याने पाठ फिरवली होती. एन्नी दारात उभी राहून आपले नख बघत होती. आणि पाइवी, जी सगळ्यात जवळ उभी होती, तिनेही मान वळवली होती. आई मुद्दाम जास्त वेळ बसून मिरवते आहे असे तिला वाटले असणार. किंवा आईची धडपड बघणे म्हणजे तिला उघडे पाडणे, असेही वाटले असेल. इतकी भली माणसे हाताच्या अंतरावर, आणि सगळी मिळून एका बाईला सभ्यपणाने बुडू देत होती.

माझ्या हातात तिची काठी होती, म्हणून मी तिच्याकडेच बघत होते. ओठांचा रंग बदलला होता. मी खाली वाकले. "राइली, हात देऊ?"

"नको."

तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. दांड्यांवरच्या बोटांची नखे पांढरी झाली. खांदे पाण्याबाहेर आले, थरथरले आणि पुन्हा खाली गेले. मी मनाशी ठरवले, आणखी एक श्वास. मग पैज गेली खड्ड्यात, मी ओढणार. मी काठी खाली ठेवली.

राइली माझ्याकडे बघत नव्हती. ती लेकीच्या पाठीकडे बघत होती. तिचे तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले.

"पाइवी," ती म्हणाली. इतक्या हळू, की कुणाच्या शांततेला धक्का लागू नये.

पाइवी वळली नाही.

"पाइवी!"

हा आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. कारखान्याच्या छताखालून, हातोड्यांच्या घणघणाटातून खालच्या माणसाला ऐकू जाईल असा तो आवाज होता. आतल्या काचेमागचे लोक उठून उभे राहिले.

"पाइवी, हात दे! मला वर येता येत नाहीये!"

पाइवी गुडघ्यांवर कोसळली आणि तिने आईचे मनगट धरले. दुसऱ्या बाजूने टोपीवाला धावला, त्याच्यामागे त्याचा मित्र, मी पोशाखाचा पट्टा पकडला, आणि सगळ्यांनी मिळून राइलीला ओढून फळ्यांवर काढले. ती बसली. गुडघ्यातून रक्ताची बारीक रेघ आली होती. पाइवी तिचे पाय चोळत होती आणि काहीतरी बोलत होती, पण शब्द लागत नव्हते.

"टोपी भिजली," राइली म्हणाली.

आम्ही तिला आत नेले. तरुणांनी वरची फळी रिकामी केली. एन्नी धावत काळ्या बेरींचे गरम सरबत घेऊन आली, संकल्पाबिंकल्पाचे काही न बोलता. टोपीवाल्याने पळी उचलली. "टाकू का?"

"टाक बाबा. भरपूर टाक."

वाफ आली. दगड चुरचुरले. मग राइलीने पेला खाली ठेवला.

"हरले मी. सोमवारी कळव त्यांना. येते म्हणून."

"नाही कळवणार," पाइवी म्हणाली.

"नाही म्हणजे? शब्द दिलाय मी. शालनने हात सोडवलेत."

"मला ती खोली नकोय तुझ्यासाठी."

"काल हवी होती!"

"काल तू मला हाक मारली नव्हतीस."

"म्हणून तर हरले ना! काय गणित शिकवतेस गं तू पोरांना?"

पाइवीने तोंडावरून पंचा फिरवला. घाम होता की आणखी काही, तिथे कळत नाही. "आई, मला जिन्याची भीती नव्हती. पाण्याचीही नाही. तू जमिनीवर पडली होतीस, भिंतीपलीकडे मावशी चहा करत होती, आणि तू बोटसुद्धा टेकवलं नाहीस. मला रोज रात्री तेच दिसतं. पुन्हा पडशील आणि पुन्हा गप्प पडून राहशील. तिथे निदान कुणीतरी सकाळी दार उघडून बघतं."

"आणि घंटा?"

"घंटा तू दाबली नसतीस. मला काय माहीत नाही?"

"नसती दाबली," राइलीने कबूल केले.

टोपीवाला हळूच उठायला लागला. "माफ करा, आम्ही बाहेर..."

"बस रे खाली," राइली म्हणाली. "ओढलंस मला, आता ऐक." तो बसला. ती पाइवीकडे वळली. "एवढ्या लोकांसमोर ओरडले मी. लहान मुलासारखी."

"हो. आणि सगळे धावले."

राइलीने आपल्या मनगटाकडे पाहिले. लेकीच्या बोटांचे लाल वळ त्यावर उठले होते. बाहेर कुणीतरी हौदात उतरून किंचाळले आणि हसले.

"ते काही असो," ती म्हणाली. "पैज हरले ती हरले. फुकट सुटायची नाही मी. बोल, काय द्यायचं?"

"हरलीस ना? मी म्हणेन ते कबूल?"

"कबूल."

"मग घरीच राहायचं. आणि पडलीस, चक्कर आली, नुसतं उठवेना झालं, तरी भिंत ठोकायची."

राइलीने विचार केला. तिला ते ओउलूपेक्षा अवघड वाटत होते, हे मला स्पष्ट दिसले. "सकाळी लवकर?"

"लवकरसुद्धा."

"रविवारी?"

"ख्रिसमसला सुद्धा, आई."

"शालन झोपलेली असते."

"या वयात कोण झोपतं?" मी म्हणाले. "मी पडून छत बघत असते. ठोक. मला तेवढीच करमणूक."

"आणि हाक ऐकू नाही गेली तर?"

"आज बंदराच्या पलीकडे ऐकू गेली असेल," टोपीवाला म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला.

राइली हसली. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. मग तिने हात पुढे केला. पाइवीने तो धरला. दोघी माझ्याकडे बघायच्या आत मी वरून तळहात मारला.

"पण एक सांगते," राइली पंचा गोळा करत उठली. उजवा पाय फळीवरून खाली सोडताना तिने ओठ घट्ट मिटले. "पुढच्या बर्फात मी त्या शिडीने एकटी वर येणार. खुब्याचे व्यायाम करून घेणाऱ्या त्या मुलीला सोमवारी फोन करून सांग, हे रबराचे पट्टे ओढणं पुरे झालं. मला शिडी चढायला शिकव म्हणावं."

"सांगते," पाइवी म्हणाली. "आणि उतरताना मी पाठ फिरवणार नाही."

"बघ खुशाल. पण टक लावून नाही."

कपडे बदलून आम्ही बाहेर आलो तेव्हा सूर्य कलला होता आणि बर्फावर गुलाबी उजेड पडला होता. बाजारातल्या टपरीवर राइलीने सॉसेजवर लाल आंबट फळांचा मुरंबा नेहमीपेक्षा दुप्पट घातला. पाइवीने फोनवर काहीतरी लिहून पाठवले आणि फोन खिशात टाकला. कुणाला ते मी विचारले नाही. राइलीनेही नाही. घरी पोचल्यावर तिने गुडघा मला धुऊ दिला.

संध्याकाळी रोजनिशीत शेवटची ओळ लिहिली: तळघरातल्या पेटीतून गाजरे वर आणली, तीन मऊ पडली होती, त्यांची कोशिंबीर केली.